जमादाराची झडती

मंगळवार, १ नोव्हेंबर १९८८

आज पुन्हा डोकं फिरलं. खाणीच्या कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हापासून त्या खोलीला थंड हवेचं यंत्र, दाराला पडदा, आत जायचं तर चपला बाहेर. जसं काही देवघरच. आणि इथे गेटवर माझ्या खुर्चीचा पाय मोडून आठ महिने झाले, मी विटेवर तोल सांभाळत बसतो. तीन अर्ज दिले. मॅनेजर साहेब म्हणतात, "बघू या, वासुदेवराव." बसा बघत.

पण गेट माझं आहे. अकरा वर्षे पलटणीत काढली, पंधरा वर्षे या मँगनीजच्या खाणीवर जमादार आहे. बाहेर पडणारा माणूस माझ्या हाताखालून गेल्याशिवाय घरी जात नाही. जेवणाचे डबे, सायकलच्या सीटची पोकळी, पागोट्याचे पेच, सगळं बघतो. सुरुंगाच्या कांड्या चोरतात आणि तलावात फोडून मासे मारतात लेकाचे. आज श्रावणने, माझ्या हाताखालच्या चौकीदाराने, एका ड्रिलवाल्याला तसाच सोडला. मी त्याला रस्त्यावरून परत बोलावला. चटणी-भाकरीचं फडकं निघालं. त्याने डोळे वटारले. म्हटलं, "डोळे कोनाले दाखवतं बे? उद्या पुन्हा पाहीन."

बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू रजिस्टरात. तारीख, वेळ, नाव, वस्तू, अंगठा नाही तर सही. माझ्या रजिस्टरात खाडाखोड सापडली तर नोकरी सोडून देईन.

सोमवार, १४ नोव्हेंबर

काल करडीच्या मंडईला गेलो. गिरजाबाईचं माहेर तिथलं. मुलीलाही, कलालाही नेलं. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे जत्राच, पण दंडारीचं नाटक, झुले, जिलब्या हे सगळं पोरासोरांना. मोठ्या माणसांचं काम सोयरिकीचं. घरोघरी पाहुणे, आणि त्यातले निम्मे मुली बघायला आलेले.

कला पंचविसात आहे. पाच ठिकाणं बघून गेली. सहावं एकोडीच्या सोमाजींचं. मुलगा शाळेत मास्तर, तलावाखाली धानाच्या बांध्या, माणसं चांगली. मुलगी पसंत केली, चहा प्याले, आणि आठ दिवसांनी निरोप पाठवला की पत्रिका जुळत नाही, मुलीला मंगळ आहे. पत्रिका! आमच्या आजाला स्वतःचा जन्मदिवस माहीत नव्हता. बांधीत धानाची लावणी, रोवणा चालू होता तेव्हा झालो, एवढंच सांगायचा. तरी त्याचं लग्न झालं, नऊ पोरं झाली. आता सगळ्यांना छत्तीसातले गुण पाहिजेत. तळपायाची आग मस्तकात जाते.

मंडईत एक मांडव होता. निळ्या कापडावर लिहिलेलं, कॉम्प्युटर पत्रिका. परसराम नावाचा माणूस, चाळिशीतला, सफारी घातलेला, कपाळाला गंध. मी नाव सांगायच्या आधीच मला "या जमादार साहेब" म्हणाला. माणूस ओळखतो. मी विचारलं, "कॉम्प्युटर कुठी हाय?" तो हसला.

"नागपूरले हाय जी. आठ दिवसांनं कागद येते. आता या रानात कॉम्प्युटर कुठून आनू?"

मला राग आला. रान कोणाला म्हणतो हा? म्हटलं, "आमच्या खाणीत हाय कॉम्प्युटर."

"खरंच? मले वाटलं, टाइपरायटर असंन."

मग मी त्याला चांगलं सुनावलं. मशीनची कंपनी सांगितली, आत माहिती साठवायची मोठी डबी आहे हे सांगितलं, आनंदराव नावाचा पोरगा नागपूरहून शिकून आला आहे तोच चालवतो, दहाला खोली उघडतो, साहेब एक ते तीन ड्रिलिंगवर असतात तेव्हा मशीन रिकामंच असतं, सगळं सांगितलं. त्याचं तोंड बंद झालं. हात जोडून म्हणाला, "चुकलो, साहेब. मंग त तुमाले आठ दिवस थांबाचं कामच नाही."

त्याने एक फ्लॉपी दिली. फ्लॉपी म्हणजे काळी चौकोनी पातळ पाटी, कॉम्प्युटरच्या फटीत घालतात. ती लाल पाकिटात, पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना कुंकू, आत चार अक्षता. मशीन बंद करायचं, फ्लॉपी घालायची, मग मशीन चालू करायचं. मुलीचं आणि मुलाचं नाव, जन्मवेळ, गाव विचारेल. मग दहा मिनिटं ग्रह फिरतील, दिवा लागेल, तेवढ्यात हात लावायचा नाही. कागद छापून आला की फ्लॉपी पुढच्या रविवारी आंबागडच्या मंडईत परत द्यायची, कारण सगळं पंचांग तिच्यावर आहे. पैसे देत होतो तर कानाला हात लावले. "कन्येच्या कामाचे पैसे मी घेत नाही जी. फक्त पाकीट चारचौघांत उघडू नका. पोरीचं भाग्य हाय त्यात."

ते काय सांगायला पाहिजे? लेकीची पत्रिका कोणी रस्त्यात उघडत नाही. चांगला माणूस भेटला.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

पाकीट शर्टाच्या खिशात घेऊन आत गेलो. श्रावणला कुंकू दिसलं, त्याने मान लववली. आत येणाऱ्या वस्तूची झडती आपल्याकडे नसतेच. झडती बाहेर जाणाऱ्याची.

आनंदरावने नखरे केले. "काकाजी, बाहेरची फ्लॉपी घालाची नाही म्हनते साहेब." म्हटलं, "साहेब गेले ड्रिलिंगवर. तुले बहीण नाही काय बे?" आहे, तीही लग्नाची आहे. त्याने कुंकू बघितलं आणि पाकीट कपाळाला लावून घेतलं. कुंताबाई खोली झाडत होती. ही झाडूवाली, पूर्वी दगड फोडायला होती, हातावर दगड पडून दोन बोटं गेली तेव्हापासून कचेरीत. तिला बाहेर जा म्हटलं तर म्हणाली, "थांबा जी, कोपरा राहिला."

आधी पडद्यावर चांदण्या-चांदण्यांचा गणपती आला. आम्ही तिघांनी हात जोडले. मग नावं विचारली. मग इंग्रजी अक्षरांत मराठी आलं, ग्रह फिरत आहेत, थांबा. दिवा लागला.

आनंदराव मान वाकडी करून बघत होता. "काकाजी, आतल्या डिस्कचाबी दिवा लागून राहिला. पंचांग त फ्लॉपीवर हाय नं? मंग आत काय शोधून राहिला हा?"

"तुहा शनी शोधून राहिला," मी म्हटलं. आजकालच्या पोरांना दोन महिने शिकवलं की ते ग्रहांनाही प्रश्न विचारतात. कुंताबाई फिदीफिदी हसली. तिलाही सुनावलं.

कागद आला. अठ्ठावीस गुण! मंगळदोष परिहार! मी तो कागद तीनदा वाचला. गेटातून बाहेर आलो ते जमिनीला पाय लागत नव्हते. माझी झडती कोण घेणार? मीच.

सोमवार, २१ नोव्हेंबर

काल आंबागडला परसरामला फ्लॉपी परत दिली. त्याने आधी ती उलटसुलट करून बघितली, अठ्ठावीस गुणांचं नंतर विचारलं. मालाची काळजी असलेला माणूस. म्हणाला, मुलाच्या बाजूचंही सूक्ष्म गणित करून घ्या, म्हणजे एकोडीवाल्यांना बोलायला जागा राहणार नाही. दुसरी फ्लॉपी दिली, तसंच लाल पाकीट. उद्या पुन्हा आनंदरावच्या मागे लागतो. रविवारी परत न्यायला तो स्वतः आमच्या बाजारात येतो म्हणाला. एवढी धावपळ फुकटात कोण करतं?

सोमवार, १२ डिसेंबर

पकडली! कुंताबाईच्या डब्याच्या फडक्यात फ्लॉपी सापडली. माझ्या हाताला फडकं कडक लागलं तेव्हाच समजलो.

"काय हाय हे?"

"मोडकी हाय जी. आनंदरावनं कचऱ्यात टाकली. पान्याच्या गडव्यावर झाकाले बरी म्हनून नेऊन राहिली."

"कंपनीची वस्तू कंपनीची. मोडकी असो नाही त धड."

सगळ्या लाइनसमोर फाडफाड बोललो. बायका खाली बघत होत्या. तिने अंगठा दिला. रजिस्टरात लिहिलं, फ्लॉपी नग एक, कॉम्प्युटर खोलीतून, झाडूवाली कुंताबाई, परत घेतली. फ्लॉपी एका जागी वाकलेली होती हे खरं, पण ते लिहायला रकाना नाही. चोर दोन बोटांचा असला तरी चोरच.

रविवार, ८ जानेवारी १९८९

साक्षगंध झालं! अठ्ठावीस गुणांचा कागद सोमाजींनी घरात सगळ्यांना दाखवला. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही म्हणाले. लग्न एप्रिलमध्ये. गिरजाबाई दिवसभर रडली, ते आनंदाचं रडणं. कला गप्प होती. मुली गप्पच असतात अशा वेळी.

सोमवार, १३ फेब्रुवारी

खाणीत हलकल्लोळ. आंबागडकडच्या टेकडीवर आमच्या कंपनीने दोन वर्षे बोअर मारले. कुठे किती खोल मँगनीज लागलं याचे आकडे फक्त साहेबांकडे आणि त्या कॉम्प्युटरमध्ये. आता बाहेरच्या कोण्या पार्टीने सरकारकडे अर्ज केला आहे, आणि नेमके तेच तुकडे मागितले आहेत जिथे माल लागला. कोरडे बोअर गेले तिथला एक फूटही नाही. आमच्या अर्जाच्या पंधरा दिवस आधी. साहेबांचं तोंड पांढरं पडलं आहे.

म्हणजे आकडे बाहेर गेले. माझ्या गेटातून! कोणी तरी माझ्या नाकासमोरून नेले. त्या हरामखोराला शोधून काढेन.

बुधवार, १५ फेब्रुवारी

साहेबांनी विचारलं, चार महिन्यांत कॉम्प्युटर खोलीतून काय काय बाहेर गेलं? मी रजिस्टर त्यांच्या टेबलावर ठेवलं. चार महिन्यांत एकच नोंद. १२ डिसेंबर.

साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "शाब्बास, वासुदेवराव. तुमच्यामुळे धागा लागला." म्हणाले, एक पकडली, आधी किती नेल्या असतील कोणास ठाऊक. बाहेरच्या पार्टीने अडाणी बाईला हाताशी धरलं.

दुपारी कुंताबाईचं गेट बंद केलं. एकोणीस वर्षांची नोकरी. पोलिसांत देऊ म्हणाले. ती "मोडकी होती जी, आनंदरावले इचारा" म्हणत होती. आनंदरावला विचारलं तर म्हणाला, आठवत नाही. मी तिला दंडाला धरून फाटकाच्या बाहेर काढलं. ती गेली नाही, तिथेच धुळीत बसून राहिली सूर्य कलेपर्यंत.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

गेटवर नवी खुर्ची आली. हात टेकायला दांड्या असलेली.

रविवार, १९ फेब्रुवारी

आजचं आजच लिहितो.

बाजारात कुंताबाई लाखोरीची भाजी विकायला बसली होती. मी बाजूने निघालो तर तिनेच हाक मारली. "जमादार, बसा. दोन गोष्टी बोलाच्या हाय."

मी उभाच राहिलो. ती भाजी निवडत, खाली बघून बोलली.

"माह्या डब्यातली झाकनी दिसली तुमाले. रजिस्टरात लिवली. लाल पाकीट कोन्या रजिस्टरात लिवलं?"

मी म्हटलं, "कोनतं पाकीट?"

"कोनतं म्हनते! दोन मंगळवार पाकीट आत गेलं अना बाहेर आलं. मी झाडून राहिली होती तिथीसा. पोरगा म्हने, आत काय शोधून राहिला हा? तुमी म्हनलं शनी. मले अक्षर नाही येत, पन माहे कान शाबूत हायत."

बाजारातला आवाज सगळा लांब गेला. मी म्हटलं, "मंग साहेबापाशी काहून नाही सांगतलं?"

तिने तेव्हा वर बघितलं. "कसी सांगू? पोरीची पत्रिका होती नं त्यात. कचेरीत, पोलिसात कलाचं नाव निंगालं असतं त एकोडीवाल्याईनं सोयरीक मोडली असती. तुमी मानूस नाही, जमादार. पन पोर त पोर हाय."

मला तिचा असा राग आला की वाटलं ती टोपली लाथेने उडवावी. माझ्यावर उपकार करणारी ही कोण? दोन बोटांची झाडूवाली! मी निघून आलो. घरी जेवलो नाही.

आता हे लिहिताना राग तिचा नाही हे कळतं. पण दुसऱ्या कोणावर काढू?

सोमवार, २० फेब्रुवारी

आनंदरावला कॉम्प्युटर खोलीत गाठलं, दार लावलं, कॉलर धरली. तो लगेच रडायला लागला. त्याला १३ तारखेपासून माहीत आहे.

"गनपती फक्त वरून होता, काकाजी. ग्रह फिरून राहिले म्हने तवा आतल्या फायली एकेक करून त्या फ्लॉपीवर उतरून राहिल्या होत्या. एका फ्लॉपीत मावल्या नाहीत म्हनून दुसरी. मी सांगतलं असतं त मी बी गेलो असतो, तुमी बी."

"पन कागद त बरोबर आला होता. अठ्ठावीस गुण."

त्याने नाक पुसलं. "दुसऱ्या टायमाले, तुमी चहा प्याले गेलते तवा, माह्या बहिनीचं नाव टाकून पायलं. अठ्ठावीस. मंग मस्करीत माहं अना आमच्या मॅनेजर साहेबाचं टाकलं. अठ्ठावीसच आले."

आणि हा गाढव तेव्हा बोलला नाही, कारण बहिणीचे अठ्ठावीस त्यालाही हवे होते! त्याला थप्पड मारणार होतो. हात वर गेला आणि तसाच खाली आला. त्याने निदान एकदा तरी विचारलं होतं. त्याचं तोंड मी बंद केलं.

करडीला सायकल मारून आलो. परसरामला कोणी ओळखत नाही. मांडव भाड्याचा होता. मला पाहताच जमादार साहेब म्हणाला होता तो. मी नाव सांगायच्या आधी! मी ते इथे, याच वहीत, कौतुकाने लिहून ठेवलं आहे. माझ्यासाठीच बसला होता तो तिथे. मला रान म्हणून डिवचलं आणि मी बैलासारखा धावलो, सगळ्या खाणीची माहिती ओकलो. पंधरा वर्षे लोकांची भाकरी चिवडली, आणि चोर माझ्या छातीवरच्या खिशात बसून, माझा सलाम घेत गेला.

बुधवार, २२ फेब्रुवारी

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"हे आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका. हेड ऑफिसला रिपोर्ट गेला आहे. झाडूवाली फितूर झाली, तिला काढलं, संपलं. आता मी काय लिहू? माझ्या कचेरीत, कामाच्या वेळात, माझा जमादार आणि माझा क्लार्क कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवत होते? तुमच्या आधी माझी बदली होईल."

"साहेब, कुंताबाईने काही केलं नाही."

"तिला काय, कुठेही काम मिळेल. एप्रिलमध्ये मुलीचं लग्न आहे ना तुमच्या? डोकं शांत ठेवा. खुर्ची मिळाली ना?"

मी बाहेर आलो, गेटवरची ती नवी खुर्ची उचलली आणि त्यांच्या दारात आडवी टाकून आलो. त्याने कोणाचं काय भलं झालं? पण त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

घरात सांगितलं. गिरजाबाईने कपाळावर हात मारला. "दोन महिने चूप राहा ना जी. लगन होऊ द्या, मंग कोनाले सांगाचं त सांगा. कुंताबाईले आपन धान देऊ घरचं."

मलाही ते पटत होतं. खरं तर ते ऐकायलाच मी घरी सांगितलं होतं.

कला चुलीपाशी होती. ती उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. या मुलीचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बाबा, मी पत्रिका मागतली होती का? मास्तरनं मागतली होती? तुमी दोघं बापच पत्रिका पत्रिका करून राहिले. मले कोनं इचारलं?"

"तुह्याच भल्यासाठी..."

"कुंताबाईची भाकर हिसकून माह्या आंगाले हळद लागत असंन त नाही पाहिजे मले ते हळद. तुमी नाही बोलत त मी जातो कचेरीत. मीच सांगतो, माही पत्रिका होती म्हनून."

ती जाईल. माझी मुलगी आहे.

सोमवार, २७ फेब्रुवारी

सकाळच्या पाळीला तीनशे माणसं गेटवर असतात. मी साखळी लावून घेतली आणि दगडावर उभा राहिलो. भाषण वगैरे जमत नाही. मोठ्याने सांगितलं, आकडे कुंताबाईने नेले नाहीत, मी नेले. लाल पाकिटात, दोनदा, माझ्या मुलीच्या पत्रिकेच्या नावाखाली. मला माहीत नव्हतं, पण नेले मीच. साहेबांना सांगितलं आहे आणि साहेबांनी गप्प राहायला सांगितलं आहे. लिहून आणलेला कागद वाचला, एक प्रत हेड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने टाकली हेही सांगितलं. आनंदरावचं नाव मी घेतलं नाही. त्याने मागून स्वतःच हात वर केला.

मला वाटलं होतं, निदान एखादा तरी म्हणेल की जमादार खरं बोलला. कोणी नाही म्हणालं. ज्या ड्रिलवाल्याला मी रस्त्यावरून परत बोलावला होता तो पुढे आला, माझ्या पायाजवळ थुंकला आणि खाली बसला. मग त्याच्या मागचा बसला. मग सगळेच. कुंताबाई आत गेल्याशिवाय पाळी चढणार नाही म्हणाले.

अकरा वाजता साहेब बाहेर आले. साडेअकराला मला निलंबनाचा कागद दिला. कुंताबाईला बोलवायला जीप गेली. ती जीपमध्ये बसली नाही, चालत येईन म्हणाली.

रविवार, ५ मार्च

सोमाजींचं पत्र. लिहितात, दोन्ही पत्रिका चांगल्या माणसाकडून पुन्हा बघून घेऊ, तोवर तारीख धरू नये. म्हणजे मोडलं. सरळ लिहायची हिंमत नाही त्यांना! ज्या माणसांनी अठ्ठावीसचा कागद देव्हाऱ्यात ठेवला होता ती माणसं. मी पत्र फाडलं, मग तुकडे गोळा केले, कारण ते कलाचं पत्र होतं, माझं नव्हतं. तिने तुकडे हातात घेतले, वाचले नाहीत. गिरजाबाई माझ्याशी बोलत नाही.

मास्तरचा काही निरोप नाही. त्याने सायकलवर यायला हवं होतं. एकोडी काही विलायतेत नाही.

सोमवार, १३ मार्च

चौकशीच्या कागदावर सही करायला खाणीवर बोलावलं होतं. संध्याकाळची पाळी सुटायची वेळ. मला फाटकाच्या बाहेर थांबवलं. बरोबर आहे, निलंबित माणूस आत कसा जाईल?

लाइन लागली होती. जुनीच लाइन, जुनेच डबे. कुंताबाईचा नंबर आला. श्रावणने हात पुढे केला, आणि त्याने काही म्हणायच्या आधीच तिने डबा उघडून दाखवला. एकोणीस वर्षांची सवय. त्याने वरचा कप्पा उचलला आणि खाली बोट घातलं.

मी बाहेरून ओरडलो, "काहून पाहतं बे तिचा डबा?"

श्रावण दचकला. "तुमीच सांगतलं होतं जी, काकाजी. साऱ्याईचा खालचा कप्पाबी पाहाचा, कुंताबाईचा त पहिले."

लाइनमध्ये कोणी तरी हसलं. तेवढ्यात आतून साहेबांची जीप आली. बाजूला हेड ऑफिसचा पाहुणा, मांडीवर चामड्याची बॅग. श्रावणने डबा तसाच सोडला, धावत जाऊन साखळी सोडली आणि सलाम ठोकला. मी शिकवलेला कडक सलाम.

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी रस्त्याच्या मध्ये जीपसमोर जाऊन उभा राहिलो.

"बॅग उघडा," मी म्हटलं.

साहेब ओरडले, "तुम्ही निलंबित आहात! बाजूला व्हा."

"हो जी. बॅग उघडा."

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. नोकरी जाईल, फंड अडकवतील, पोलीसही बोलावतील. भोंगा वाजतच होता. मग माझ्या मागून चपलांचा आवाज आला. कुंताबाई. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिने आपला उघडा डबा जीपच्या बॉनेटवर ठेवला, कप्पे वेगळे करून, एकाशेजारी एक.

"माहा पायला," ती श्रावणला म्हणाली. "आता त्याईचा पाहा."

भोंगा थांबला. लाइन जागची हलली नाही. साहेब पाहुण्याकडे बघायला लागले, पाहुणा साहेबांकडे. शेवटी पाहुण्याने हसल्यासारखं करून बॅग मांडीवरच उघडली. श्रावण पुढे झाला, वरून नजर टाकली. टॉवेल, दाढीचं सामान, कागद. त्याने घाईघाईत मान हलवली आणि मागे सरला.

"खालचा कप्पाबी पाहा," कुंताबाई म्हणाली.